पेटला तर खरं

वीतभर उंची. पारदर्शक पिवळट अंग, पोटात बोटाच्या पेराएवढा बल्ब, पुढे टोकदार पोलादी नाक आणि मागे हातभर वायर; वायरीच्या शेवटी दातेरी चिमटा. गाड्यांच्या वायरिंगचं काम करणाऱ्या कुठल्याही दुकानात हे महाशय असतातच, फक्त जागेवर नसतात. "टेस्ट लॅम्प कुठं ठेवला रे?" ही आरोळी तिथे दिवसभर चालू. शोधाशोध झाली की तो कुठल्या तरी गाडीच्या बॉनेटखाली लटकलेला सापडतो. बहुतेक वेळा ज्यानं आरोळी ठोकली त्यानंच तिथे सोडलेला.

पुण्यात नाना पेठेतल्या स्पेअर पार्टच्या दुकानांत तो शे-दोनशे रुपयांना तयार मिळतो. पण या तयार मालाला कारागिरांत फारशी किंमत नाही. खरा मान घरगुती लॅम्पला. स्कूटरच्या जुन्या इंडिकेटरचा होल्डर, त्यात १२ व्होल्ट ५ वॅटचा बल्ब, सायकलचा स्पोक घासून काढलेलं टोक आणि वरून सढळ हातानं काळी टेप. नवा पोरगा कामाला लागला की मिस्त्री त्याला आधी हाच बनवायला बसवतात. वायर सोलणं, सोल्डर मारणं, टेप ताणून गुंडाळणं, सगळं त्यातच शिकून होतं. आणि स्वतः बनवलेला लॅम्प पोरगा सहसा हरवत नाही.

याला कळतं किती? एकच गोष्ट. चिमटा गाडीच्या अंगाला, म्हणजे अर्थला लावायचा आणि टोक संशयित जागी टेकवायचं. सप्लाय असेल तर पेटतो, नसेल तर नाही. आकडे त्याला वाचता येत नाहीत. प्लस-मायनसचा भेदही तो पाळत नाही. जुन्या ब्रिटिश गाड्यांत बॅटरीचं प्लस टोक बॉडीला जोडलेलं असायचं, तिथेही तो तितक्याच निर्विकारपणे पेटायचा. एक शिस्त मात्र पक्की: कामाला लागण्याआधी तो बॅटरीच्या दोन टोकांवर टेकवून बघायचा. त्याचीच फिलामेंट तुटलेली असेल तर निरोगी गाडी दिवसभर आजारी ठरते.

उलटं लावलं की तो दुसरी नोकरी करतो. चिमटा बॅटरीच्या प्लसला आणि टोक बॉडीला किंवा इंजिनाला. आता पेटला तर अर्थ नीट पोचतोय, मंद पेटला तर कुठेतरी नट-बोल्टाखाली गंज बसलाय. माझ्या मते ही त्याची मोठी नोकरी. उजवा इंडिकेटर दिला की मागचा पार्किंग लाईट लुकलुकतो, ब्रेक दाबला की डॅशबोर्डवरचे दिवे मंदावतात, हॉर्न वाजवला की वायपर दचकतो; अशा तक्रारी घेऊन येणाऱ्या माणसाचा चेहरा गाडीला लागिर झाल्यासारखा असतो. लागिर वगैरे काही नसतं. करंटला परत बॅटरीकडे जायचा हक्काचा रस्ता बंद झालेला असतो आणि तो शेजारच्या बल्बाच्या घरातून वाट काढत असतो. गंज घासला, बोल्ट आवळला की भूत उतरतं. बिल करताना मिस्त्रींनाच संकोच होतो.

आता त्याच्या सुशिक्षित भावाबद्दल, मल्टीमीटरबद्दल बोललं पाहिजे. तो दशांश चिन्हापर्यंत बोलतो. बॅटरी नुसती उभी असताना १२.६ व्होल्ट म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे साधारण निम्मी, इंजिन चालू असताना १३.८ ते १४.४ म्हणजे अल्टरनेटर कमावतोय, हे सगळं त्याच्याकडूनच कळतं आणि त्याला पर्याय नाही. पण त्याचा एक स्वभावदोष आहे: तो वायरीकडून काही मागत नाही. त्याच्या आतला रोध साधारण १ कोटी ओहमचा. तो जवळजवळ काहीच करंट ओढत नाही. त्यामुळे कपलरमध्ये, म्हणजे वायरींच्या जोडात, हिरवी बुरशी चढली असली, पिन अर्धी जळलेली असली तरी मीटर खुशाल १२.४ दाखवतो. नळाला पाणी आहे का हे करंगळी ओली करून बघणं वेगळं आणि नळाखाली बादली लावणं वेगळं. टेस्ट लॅम्प बादली लावतो. त्याला पेटायचं तर जवळपास ०.४ अँपिअर करंट खरोखर वाहावा लागतो आणि कुजलेल्या जोडाला तेवढंही झेपत नाही. मीटर १२.४ म्हणतोय आणि लॅम्प लालसर मिणमिणतोय, अशी परिस्थिती आली की जुना वायरमन मीटर खिशात टाकतो.

अर्थात ही बादलीही लहानच. सात-आठ तारांपैकी एकाच तारेवर लोंबकळणारी वायर या ५ वॅटच्या लॅम्पलाही फसवते, कारण ०.४ अँपिअर एक तारही पोचवते. अशा वेळी थोरल्या भावाला बोलावतात. हेडलाईटचा अप्पर गेलेला पण डिपर शाबूत असलेला एच-फोर बल्ब; वायरी जोडून तो खिळ्याला टांगलेला असतो. ५५ वॅटचा हा दांडगा साडेचार अँपिअर मागतो. त्याच्यापुढे एका तारेची वायर टिकाव धरत नाही. भंगारात जायच्या बल्बला इतकी मानाची जागा दुसऱ्या कुठल्या धंद्यात मिळत असेल असं वाटत नाही.

उन्हाळा हा टेस्ट लॅम्पचा हंगाम. मार्च संपला की एसीच्या गाड्या रांगेत लागतात आणि प्रत्येक मालकाचं निदान घरूनच पक्कं झालेलं असतं: "गॅस संपलाय." हा गॅस पेट्रोलसारखा जळून संपतो अशी आपल्याकडे सार्वत्रिक समजूत आहे आणि गॅस भरणाऱ्यांनी ती मोडायची घाई केलेली नाही. एसीचं नळीकाम बंदिस्त असतं. लहान गाडीत सुमारे ४०० ग्रॅम आर-१३४ए. तो कमी झाला तर कुठून तरी निसटलाय, आणि जिथून निसटलाय ती जागा न शोधता भरला तर पुन्हा निसटणार. शिवाय थंडावा न येण्याची निम्मी कारणं गॅसच्या वाटेला जातच नाहीत. हायवेला गार आणि सिग्नलला गरम? पुढचा पंखा बघा. कंडेन्सरला वारा मिळत नाही. ब्लोअर फक्त चारवर चालतो? रेझिस्टर जळलाय. गारवा आहे पण वारा हळूहळू कमी होत जातो? कूलिंग कॉइलवर बर्फ धरतोय. पायाखालची मॅट ओली? पाणी बाहेर टाकणारी नळी धुळीनं तुंबलीय. यांतल्या काहींना लॅम्प लागतो, काहींना नुसते डोळे.

एका मे महिन्यातली तक्रार याहून तिरकी होती. एका ताईंची हॅचबॅक. निघताना एसी झकास, अर्ध्या तासानं गरम वारा, गाडी घटकाभर उभी केली की पुन्हा झकास. दोन ठिकाणी गॅस भरून झाला होता. मिस्त्रींनी गेज लावलं, प्रेशर ठीक. ब्लोअरचा वारा शेवटपर्यंत भरपूर, म्हणजे बर्फ नव्हे. मग त्यांनी लॅम्प काढला. कॉम्प्रेसरच्या क्लचला जाणाऱ्या एकुलत्या एका वायरीच्या कपलरमध्ये मागून बारीक पिन सरकवली, तिला लांब वायर जोडली, वायर बॉनेटच्या फटीतून काढून खिडकीतून आत घेतली, चिमटा आतल्या एका बोल्टला अडकवला आणि लॅम्प डॅशबोर्डवर गणपतीच्या शेजारी ठेवला. "चला ताई, जिथं बंद पडतो तिथपर्यंत."

सिंहगड रस्त्याची ती संध्याकाळची रांग. लॅम्प पेटला की बॉनेटखालून 'टक्' असा आवाज, इंजिनाचा सूर जरा खाली आणि गार वारा. कॉइल पुरेशी गार झाली की लॅम्प विझे, थोड्या वेळानं पुन्हा टक्. त्या गाडीचा एसी असा श्वास घेतो हे ताई पहिल्यांदाच बघत होत्या. मग ती वेळ आली. वारा कोमट झाला, गरम झाला. सगळ्यांच्या नजरा लॅम्पवर. तो ठणठणीत पेटलेला.

मिस्त्री हसले. त्या एका उजेडानं निम्मी गाडी निर्दोष सुटली होती. स्विच, फ्यूज, रिले, प्रेशर स्विच, थर्मोस्टॅट, सगळ्यांनी आपापलं काम करून सप्लाय क्लचच्या दारापर्यंत आणून सोडला होता. दार उघडत नव्हतं. गाडी बाजूला घेतली, बॉनेट उघडलं. कॉम्प्रेसरची पुली फिरत होती, तिच्या पुढची क्लचची प्लेट ढिम्म. मिस्त्रींनी हात लांब ठेवून लाकडी दांडक्यानं प्लेटला हलकेच टोचलं आणि ती टक्‌कन चिकटली. गार वारा सुरू. (हे घरी करू नये. फिरत्या पट्ट्यात शर्टाची बाही गेली तर हातही जातो.)

क्लच म्हणजे एक विद्युतचुंबक. त्याची गुंडाळी तीन-चार अँपिअर घेते आणि पुढची प्लेट ओढून पुलीला चिकटवते. दोहोंतली फट अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असावी लागते. वर्षानुवर्षं घासून ती वाढते. गुंडाळी गार असताना चुंबकाला तेवढं अंतर कसंबसं पेलतं. तापली की तिचा रोध वाढतो, करंट घटतो, चुंबक दुबळा होतो आणि प्लेट हातची सुटते. दुसऱ्या दिवशी प्लेट खोलून आतला कागदाइतका पातळ वायसर काढला, फट मापात आली, काम संपलं. वायसर काढल्याचे पैसे घ्यायचे कसे, हा प्रश्न मिस्त्रींनी चहावर सोडवला.

हा क्लच सुरुवातीला नव्हताच. अमेरिकेत पॅकार्ड कंपनीनं १९४० च्या मॉडेलांत एसी बसवून द्यायला सुरुवात केली, तेव्हा कॉम्प्रेसर इंजिनाबरोबर अखंड फिरायचा. एसी बंद ठेवायचा असेल तर इंजिन थांबवून, खाली उतरून पट्टाच काढून ठेवायचा! आज आपण बटण दाबतो आणि ते 'टक्' ऐकतो. त्या आवाजापर्यंत किती जणांची साखळी आहे ते लॅम्प एकेकाच्या दारावर टकटक करून सांगतो.

त्या साखळीतला प्रेशर स्विच हा सर्वांत बदनाम आणि सर्वांत प्रामाणिक कामगार. नळीतला दाब साधारण २ बारच्या खाली गेला की तो सप्लाय तोडतो, ३० बारच्या आसपास चढला तरी तोडतो. लॅम्प त्याच्या अलीकडे पेटतो आणि पलीकडे विझलेला असतो, की अर्धवट कारागीर लगेच ठरवतो, स्विच खराब. आणि वायरीचा तुकडा टाकून तो 'डायरेक्ट' करतो. कॉम्प्रेसर सुरू होतो, गिऱ्हाईक खूश. पण कॉम्प्रेसरचं वंगण तेल गॅसबरोबरच फिरत असतं. गॅस नाही तर तेल नाही, आणि काही दिवसांत काही हजारांचा कॉम्प्रेसर जाम. लॅम्पनं खरंच सांगितलं होतं. प्रश्न विचारणाऱ्याला उत्तर वाचता आलं नाही. अशा कारागिराच्या हाती हा लॅम्प देऊच नये असं माझं स्पष्ट मत आहे.

रिलेच्या बाबतीत मामला सरळ. चौकोनी डबी, खाली पाय, पायांवर जर्मन मानकाप्रमाणे कोरलेले आकडे: ३० वर बॅटरीचा थेट सप्लाय, ८७ वरून बाहेर, ८५-८६ मध्ये गुंडाळी. लॅम्प ३० वर पेटला आणि एसी लावल्यावर ८७ वर पेटला नाही, तर शेजारचा हॉर्नचा रिले काढून इथे खोचून बघायचा. बहुतेक गाड्यांत ते जुळे भाऊच असतात. एसी चालला आणि हॉर्न मुका झाला की निदान पक्कं.

फ्यूज उडत राहण्याच्या आजारात मात्र लॅम्प खरा रंगात येतो. एका टुरिस्ट गाडीचा ब्रेक लाईटचा फ्यूज रोज जायचा. ड्रायव्हरदादांनी पहिले काही फ्यूज घातले, मग कंटाळून सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळली. फ्यूज हा वायरीच्या जिवाचा विमा असतो; निळ्या १५ अँपिअरच्या जागी चांदी घातली की पुढच्या वेळी फ्यूजऐवजी वायरिंग जळतं, आणि गाडीत माणसं असतात. मिस्त्रींनी चांदी काढून फेकली, दादांकडे एकदा नुसतं बघितलं, मागचे बल्ब उतरवले आणि फ्यूजच्या दोन खाचांमध्ये टेस्ट लॅम्प जोडला. ब्रेक दाबून धरायला पोऱ्याला बसवलं. आता शॉर्ट असेल तर सगळा करंट लॅम्पमधूनच जाणार, तो ०.४ अँपिअरच्या वर काही जाऊ देत नाही, त्यामुळे जळत काहीच नाही आणि शॉर्ट असेपर्यंत तो पेटून राहतो. लॅम्प पेटलेला होता. मिस्त्री वायरिंग हलवत हलवत मागे गेले. सीटखाली, काही नाही. चाकाच्या कमानीपाशी, काही नाही. डिकीच्या दाराच्या बिजागरीशी वायरींवर रबराची नळी असते, ती वाकवली आणि पुढून पोऱ्या ओरडला, "विझला!" नळी सरकवली तर रोजच्या उघडझापीनं वायरीचं कातडं फाटून तांबं पत्र्याला लागत होतं.

बॅटरी रात्रीतून उतरते? निगेटिव्ह टर्मिनल काढायचं आणि बॅटरी आणि वायर यांच्या मध्ये लॅम्प धरायचा. किल्ली बंद, दारं बंद, आणि हा पेटलेला. म्हणजे कुणीतरी चोरून पितंय. तो स्पष्ट उजळला तर पाव ते अर्धा अँपिअरची गळती, आणि ०.४ अँपिअरला लहान गाडीची ३५ अँपिअर-तासांची बॅटरी साडेतीन दिवसांत कोरडी होते. मग एकेक फ्यूज उपसत जायचं. ज्याच्यावर लॅम्प विझेल तो वाटा चोराचा. बाहेरून बसवलेला स्टिरिओ, डिकीतला न विझणारा दिवा, चिकटून बसलेला रिले, ही नेहमीची मंडळी. मात्र ५० मिलिअँपिअरची बारीक गळती त्याला दिसतच नाही. तिथे मीटरच लागतो, आणि नव्या गाड्यांत तर आतले कॉम्प्युटर झोपी जाईपर्यंत अर्धा तास थांबावं लागतं.

एके ठिकाणी तो पेटणं हीच वाईट बातमी असते. सेल्फ नुसता टक्‌टक् करतो, उचलत नाही, आणि बॅटरी तर नवी. टोक बॅटरीच्या शिशाच्या खुंटावर, चिमटा त्यावर बसवलेल्या टर्मिनलवर. दोन्हींत अंतर केसाचंही नाही. किल्ली फिरवा. काहीच व्हायला नको. पेटला, तर सेल्फच्या वाटणीची वीज त्या न दिसणाऱ्या फटीतच अडकतेय. पांढरी बुरशी गरम पाण्यानं धुवा, घासा, आवळा. नवी बॅटरी घ्यायला लावणाऱ्यांना ही चाचणी आवडत नाही.

त्याचे अवगुणही सांगितलेच पाहिजेत. नाक टोकदार असल्यानं घाईतला कारागीर कपलरपर्यंत जायचे कष्ट न घेता वायरीच्या कातड्यातूनच ते खुपसतो. काम होतं, जखम राहते. पावसाळ्यात, त्यातून कोकणातल्या खारट हवेत, त्या भोकातून ओल शिरते, तांबं आतल्या आत हिरवं होऊन कुजतं, आणि वर्षभरानं तीच गाडी नव्या तक्रारीसाठी येते. ज्यानं भोक पाडलं त्याला ते आठवतही नसतं. दुसरा अवगुण म्हणजे त्याची भूक. सेन्सरच्या ५ व्होल्टच्या नाजूक वायरींकडे त्यानं ०.४ अँपिअर मागितले तर कॉम्प्युटरचा एखादा भाग कायमचा झोपू शकतो. आणि पिवळ्या कपलरला, म्हणजे एअरबॅगच्या वायरिंगला, त्याला शिवू द्यायचं नाही. त्याच्या तेवढ्याशा करंटनं एअरबॅग उडू शकते, समोर बसलेल्याच्या तोंडावर.

२०२० मध्ये बीएस-सिक्स गाड्या आल्यापासून दुकानात स्कॅनरचं राज्य आहे. गाडी आली की आधी तो खोचतात, पडद्यावर इंग्रजी अक्षरं आणि आकडे उमटतात. पुष्कळ नव्या कॉम्प्रेसरांना तर क्लचच नाही. ते सतत फिरतात आणि आतल्या आत कमी-जास्त होतात. 'टक्' गेलं, तसं लॅम्पचं एक हुकमी गिऱ्हाईकही गेलं. तरी स्कॅनर "फॅन सर्किट खराब" एवढंच सांगतो. सर्किटात फ्यूज आहे, रिले आहे, मोटर आहे, दोन कपलर आहेत आणि उंदरानं कुरतडलेली वायरही असू शकते (उंदीर पळावेत म्हणून बॉनेटखाली तंबाखूची पुडी बांधूनसुद्धा). त्यातलं नेमकं कोण, हे विचारायला पुन्हा तीच आरोळी: "लॅम्प कुठं ठेवला रे?"

इलेक्ट्रिक गाड्यांत त्याला काम उरणार नाही असं मला वाटत होतं. पण त्यांच्या पोटातही एक लहानशी १२ व्होल्टची बॅटरी असतेच. दारांची कुलुपं, दिवे, डॅशबोर्ड, मोठ्या बॅटरीला जोडणारा स्विच, सगळं तिच्यावर. ती उतरली की खाली दोन-तीनशे किलोमीटरची वीज भरलेली असूनही गाडी जागची हलत नाही. परवा अशीच एक ढकलत आली. मिस्त्रींनी पोऱ्याच्या हातात लॅम्प दिला, काळ्या वायरिंगकडे बोट दाखवून म्हणाले, "इथं काय वाट्टेल ते कर." मग जाड नारिंगी केबलींकडे बोट दाखवलं. "आणि इथं टोक नेलंस तर लॅम्पबी जाईल अन् तूबी."